सात लग्नांतलं कडं

माझा त्यांच्यावर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, म्हातारा उगाच कोणाची तरी आरती ओवाळतोय. चांगला दोन-तीन वर्षं राग होता. बाजारात समोरून येताना दिसले की मी गल्ली बदलायचो. ज्या माणसाने आपल्याला भर कचेरीत खरं बोलायला लावलं, त्याच्यावर जीव जडायला वेळ लागतो हो.

ते कोपरीचे शिलोत्री. मिठागराच्या मालकाला आमच्या ठाण्यात शिलोत्री म्हणतात. कोपरीच्या खाजणात त्यांची मिठागरं होती, खाडीत स्वतःची गलबतं होती. ठाण्यात त्यांच्याहून श्रीमंत फार तर दोघे-तिघे निघाले असते. पण वर्षातले अकरा महिने हा माणूस कमरेला एक पंचा, खांद्यावर एक पंचा आणि अनवाणी. मिठागरात वहाणा टिकत नाहीत म्हणून लहानपणी सोडल्या, त्या पुन्हा पायात चढल्याच नाहीत. नवखा माणूस त्यांच्याच दारात त्यांनाच विचारायचा, "मालक आहेत का रे घरात?" ते म्हणायचे, "बघून येतो." आत जायचे, बाहेर यायचे आणि म्हणायचे, "आहेत. बोला."

कोणाकडेही गेले की पाण्याआधी चिमूटभर मीठ मागायचे. तळहातावर घेऊन चाटायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "हे आमचं नव्हे. यात माती आहे. वाण्याला सांगा, मी सांगितलं म्हणून." माझ्या बायकोने एकदा वैतागून विचारलं, "भावोजी, एवढं मीठ चाटता, तहान नाही का लागत?"

"लागते की वहिनी. आता पाणी आणा."

सत्तावनच्या बंडाची धामधूम शमून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा सरकारने माणसांच्या प्राप्तीवर कर बसवला. जमिनीवर सारा असतो, मिठावर कर असतो, हे लोकांना माहीत होतं. पण माणूस काय मिळवतो यात सरकारने डोकवायचं, हे आमच्या बापजाद्यांनी ऐकलं नव्हतं. आणि डोकावणार तरी कसं? वह्या कोण दाखवतो? मग गावातले पाच पंच नेमले. त्यांनी घरोघरचं बघायचं, अंदाज बांधायचा आणि यादी करून द्यायची. त्या पाचांत मी होतो. टेंभी नाक्याजवळ माझी तांदळाची वखार. कल्याण-डोंबिवलीकडचं भात गाड्यांनी यायचं, आमच्याकडे सडलं जायचं आणि मुंबईला जायचं. बरं चाललं होतं. म्हणजे फारच बरं चाललं होतं, पण हे मी आज सांगतोय. तेव्हा विचारलं असतंत तर रडलो असतो.

शिलोत्र्यांना मात्र कोणी पंच केलं नाही. सगळ्यांना धास्ती, हा माणूस खरंच सांगून बसेल.

यादीचा महिना आला की सगळं ठाणं भिकेला लागायचं. बायकांच्या नथी उतरायच्या, पुरुषांच्या खांद्यावर ठिगळाची उपरणी यायची, ओसरीवरचे गालिचे माळ्यावर जायचे. ठाण्याच्या व्यापाऱ्यांची घोडी कल्याणला सोयऱ्यांकडे लपायला निघायची. कल्याणवाल्यांनाही हीच अक्कल सुचलेली, त्यांची घोडी ठाण्याला यायची. मुंब्र्याच्या रस्त्यावर दोन्हीकडचे घोडी सांभाळणारे मोतद्दार भेटायचे आणि एकमेकांच्या मालकांना हसत चिलीम ओढायचे. त्यात माझंही घोडं होतं. सोन्याचं म्हणाल, तर ते मी भाताच्या कणगीत तळाशी पुरून ठेवलं होतं.

आणि नेमके त्याच महिन्यात शिलोत्री नटायचे. जरीकाठी धोतर, अंगावर शालजोडी, डोक्याला पागोटं, कानात भिकबाळी, गळ्यात गोप आणि उजव्या हातात ते जाड सोन्याचं कडं. पाय अनवाणीच. भर उन्हात शालजोडी पांघरून हे कोपरीहून निघायचे, बाजारातून यायचे, टेंभी नाक्यावर उगाच थांबायचे, तलावाला वळसा घालून कचेरीच्या पायरीवर जाऊन बसायचे. आत-बाहेर करणाऱ्या कारकुनाला हाक मारायचे, "अहो, नीट बघून घ्या. मागाहून म्हणाल, दिसलं नाही."

"लग्नातसुद्धा इतके नटले नव्हते हो," त्यांची बायको आमच्या घरी येऊन कपाळाला हात लावायची. "आणि मला म्हणतात, तूही घाल सगळं, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, गावाला हसायला एक माणूस पुरे."

गाव हसायचंच. मीही हसायचो. एकदा माझ्या वखारीच्या ओट्यावर आम्ही चौघे-पाच व्यापारी बसलेलो, ठिगळं लावून, आणि हे समोरून नवरदेवासारखे आले. कोणीतरी म्हणालं, "शिलोत्री, साहेबाचा एवढा पुळका? बंड मोडायला फौज आणली त्यांनी, खर्च झाला त्यांचा, आणि भरायचा आपण?"

ते ओट्यावर टेकले. घाम पुसला. म्हणाले, "साहेबाशी भांडायचंय? चला, आत्ता चला, मी पुढे चालतो. पण तो घ्यायचं ते घेणारच आहे. तुमच्याकडून नाही घेतलं तर तेल्या-शिंप्याकडून घेईल. साहेबाशी समोरून भांडा. तेल्याच्या पाठीमागे लपून कसले भांडता?"

"पण श्रीमंताने जास्त का द्यायचं? कष्ट करून मिळवलंय."

"माझं मीठ कोण काढतं? मी?" त्यांनी आपले पाय पुढे केले. "मिठावर कर आहे ना? माझ्या पानात जेवढं मीठ, तेवढंच माझ्या मिठागरातल्या गड्याच्या पानात. उलट त्याला जास्त लागतं, दिवसभर घाम गाळतो. म्हणजे मिठाच्या करात तो माझ्यापेक्षा जास्त देतो. इतकी वर्षं देतोय. तेव्हा कोणी विचारलं नाही, गरिबाने जास्त का द्यायचं म्हणून!"

मी आपलं विचारलं, "मग घ्यावा तरी किती?"

"अंगावरचं काढून द्यावं लागलं, तर कर बरोबर. दावणीचं सोडून द्यावं लागलं, तर चूक." मग माझ्या ठिगळाच्या उपरण्याकडे बघून हसले. "तुम्हाला राग येईल इतका घ्यावा, शेट. पण झोप लागेल इतका."

त्या महिन्यात मला रागही येत होता आणि झोपही लागत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

आता त्या कड्याचं सांगतो. कडं त्यांच्या आजोबांचं. आतल्या बाजूला एक खोच होती. आजोबांच्या हातावर कधीतरी मिठागरातलं फावडं बसलं होतं, तेव्हाची. बाहेरून सोनाराकडून सारखं करून घेतलेलं, काही दिसायचं नाही. हातात घातलं की मनगटाच्या हाडाला टोचायची, तेवढंच. हे कडं शिलोत्री गावात कोणालाही लग्नाला द्यायचे. व्याह्यांसमोर हात रिकामा दिसू नये म्हणून कोणी मागायला आला की जात विचारायची नाही, जामीन मागायचा नाही, कागद करायचा नाही. अट एकच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याने घातलं त्याने स्वतः परत आणायचं, आणि सोबत लग्नातला एक लाडू. तो लाडू हे तिथेच, त्याच्यासमोर खायचे, आणि तोंडावर सांगायचे कसा झालाय ते.

मला हे कसं ठाऊक, विचाराल. माझ्या लग्नात मीच ते घातलं होतं. तेव्हा आमच्या घरात सोन्याचा फुटका मणी नव्हता. वडील तांदळाची पोती वाहायचे, लोकांची. मी हडकुळा, नुकतं मिसरूड फुटलेलं; कडं हातातून गळून पडत होतं. आईने आतून दोरा गुंडाळून दिला. खोच अशी टोचत होती की अंतरपाट धरला तेव्हा मी सगळं विसरून मनगटच चोळत होतो. पुढे दैव फळफळलं, वखार झाली, घोडं आलं. मग ते दिवस मी गावाला विसरायला लावले आणि स्वतःही विसरल्यासारखं केलं.

त्या वर्षी आम्ही पंच यादी करायला बसलो. मोठी घरं तर सगळी भणंग होऊन बसलेली. यादी अगदीच रोड दिसली असती तर साहेबाने वह्याच मागवल्या असत्या. म्हणून आम्ही लहान लोक घातले. त्यांना लपवता येत नाही. तेल्याचा घाणा रस्त्यावरून दिसतो, शिंपी दारातच बसतो. पण नुसतं नाव घालून भागत नाही, पुढे कारण लिहावं लागतं. तेल्याच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. मी जेवायला गेलो नव्हतो, पण मांडवात सुपारी घेऊन आलो होतो. एक पंच म्हणाला, "हातात सोन्याचं कडं होतं की हो त्याच्या!" दुसरा म्हणाला, "लिहा." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून लेखणी माझ्याकडे होती. तेल्याच्या नावापुढे लिहिलं, 'हातात सोन्याचं कडं.' कासाराच्या पुढे तेच. शिंप्याच्या पुढे तेच. असं त्या वर्षी घरात लग्न झालेल्या सहा नावांपुढे.

मला ठाऊक होतं ते कोणाचं कडं आहे. मांडवात तेली एका हाताने दुसरं मनगट चोळत होता, ते मी बघितलं होतं. तरी लिहिलं. हे मी आजवर माझ्या मुलांनासुद्धा सांगितलेलं नाही.

तेल्याला कर भरता आला नाही. मग एके दिवशी शिपाई आले आणि घाण्याचा बैल सोडून घेऊन गेले. कचेरीच्या आवारात एका खांबाला बांधला. येत्या बाजारच्या दिवशी लिलाव. त्या बैलाचं काय झालं सांगू? उभा जन्म घाण्याला फिरलेलं जनावर ते. खांब दिसला, की फिरायला लागला. खांबाभोवती फिरून फिरून दोर पार गुंडाळला जायचा, नाक खांबाला टेकायचं, मग शिपाई उलटा फिरवून सोडवायचा, आणि हा पुन्हा सुरू. पोरं बघायला जमायची. मी तिकडून जाताना मान खाली घालायचो.

तेली आधी कोपरीला गेला आणि मग त्याला घेऊन शिलोत्री माझ्या वखारीत आले. पंचाच नेसलेले. तेली उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"बैल गेला तर घाना बंद, शेट," तो म्हणाला. "घरात सात खाणारी तोंडं. मना काय सुचत नाय."

शिलोत्री मला म्हणाले, "उद्या साहेबासमोर याचा अर्ज आहे. तुम्ही पंच. येणार ना?"

"यावंच लागेल."

"बरं." एवढंच बोलले. मला वाटलं, आता माझ्या लग्नाचं काढतील. काढलं नाही. चिमूटभर मीठ मागितलं, चाटलं, "आमचंच आहे", म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिलोत्री सगळं अंगावर घालून कचेरीत आले. साहेब टेबलामागे, बाजूला शिरस्तेदार, एका अंगाला आम्ही पाच पंच ठिगळांत, दुसऱ्या अंगाला ते सहाजण. खिडकीतून बैल दिसत होता, फिरणारा.

शिलोत्र्यांनी यादी वाचायला सांगितली. शिरस्तेदार वाचायला लागले. "तेली. हातात सोन्याचं कडं. कासार. हातात सोन्याचं कडं. शिंपी. हातात सोन्याचं कडं." चौथ्याला साहेबाने मान वर केली. ठाण्यात घरोघर सोन्याची कडी आहेत की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं.

शिलोत्र्यांनी हातातलं कडं काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, ही सहा कडी नव्हेत. हे एकच आहे. आणि ते माझं आहे. लिहा माझ्या नावावर."

"कोणाला केव्हा दिलं, याची नोंद?" शिरस्तेदारांनी विचारलं.

"नोंद कशाला? तोंडात चव आहे. तेल्याकडचा बुंदीचा, छान, तेल ताजं. कासाराकडचा बेसनाचा, जरा कच्चा राहिला होता. शिंप्याकडचा असा कडक की माझी दाढ हलली, ही बघा..." आणि भर कचेरीत त्यांनी साहेबापुढे तोंड उघडलं. शिरस्तेदारांना हे साहेबाला समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. मागे लोक फिदीफिदी हसायला लागले. साहेब मात्र हसला नाही. तो म्हणाला, हे सगळं ठीक, पण ते कडं हेच, याला पुरावा काय?

शिलोत्री म्हणाले, "आत खोच आहे. घालणाऱ्यालाच कळते. या सहाजणांना विचारा."

साहेबाने मान हलवली. यांचा यात फायदा आहे, यांचा शब्द धरता येत नाही. ज्याचा या अर्जाशी संबंध नाही असा कोणी आहे का, ज्याने हे कडं कधी हातात घातलंय?

शिलोत्र्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला चिडता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. ते टेबलाकडे बघत होते. बाहेर शिपायाने बैलाला हाड्‌हाड् करून उलटा फिरवला, त्याच्या गळ्यातली घंटा वाजली.

माझ्या शेजारच्या पंचाने माझ्या उपरण्याचं टोक ओढून धरलं होतं. त्याला काय कळलं होतं कोण जाणे. मी उठलो तेव्हा ते ठिगळ टर्रकन फाटलं.

"मी घातलंय," मी म्हटलं. "माझ्या लग्नात. खोच आतल्या बाजूला आहे. मनगटाच्या हाडाला टोचते. आणि तेल्याच्या मुलीच्या लग्नात मी ते ओळखलंही होतं."

शिरस्तेदारांनी कडं उचलून आत बोट फिरवलं आणि साहेबाला दाखवलं. साहेबाने मला विचारलं, तेव्हा तुम्हाला कडं मागून आणावं लागलं. आज तुमचं स्वतःचं आहे?

"आहे."

"कुठे?"

"भाताच्या कणगीत," मी म्हटलं.

असं काही हसू उसळलं म्हणता! शिरस्तेदारसुद्धा पागोट्याआड तोंड लपवून हसले. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सहाही नावं कमी झाली. आणि आमची पाचांची यादी रद्द होऊन नवी झाली, वह्या बघून. ती कणगीत हात घालणारी यादी होती. मला जबर कर बसला. राग आला, पण त्या रात्री झोप लागली. व्यापाऱ्यांनी मात्र माझं नाव टाकलं. लग्नाची आमंत्रणं बंद, ओट्यावरची बैठक बंद. माझ्या थोरलीची ठरत आलेली सोयरीक त्यात मोडली. म्हणून म्हटलं ना, राग होता.

कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा तेली बैलाच्या मानेला मिठी मारून उभा होता. दोर सोडला तरी बैल खांबाभोवती एक फेरा मारूनच निघाला. शिलोत्री माझ्याबरोबर टेंभी नाक्यापर्यंत चालत आले. वळणावर ते थांबले.

"तुमच्या लग्नातला लाडू रव्याचा होता," ते म्हणाले. "तूप कमी होतं. पण बोललो नव्हतो मी तेव्हा. आठवतंय?"

मला आठवलं. सगळ्या गावाला तोंडावर सांगणारा माणूस, माझा लाडू खाऊन फक्त हात पुसून म्हणाला होता, "उत्तम."

मला रडू आलं, तिथे भर नाक्यावर. ते दिसू नये म्हणून मी रागावल्यासारखं करून चालता झालो, आणि मग ते सोंग दोन-तीन वर्षं निभावलं.

ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. बाराव्या-तेराव्यानंतर त्यांची बायको आमच्याकडे आली, पदराखाली कडं घेऊन. म्हणाली, "सांगून गेलेत. तुमच्याकडे ठेवायचं. ज्याला लागेल त्याला द्यायचं. भाडं ठाऊक आहे म्हणाले तुम्हाला." तेव्हापासून मी किती लाडू खाल्ले असतील, देव जाणे. दात गेले, तरी कुस्करून खातो. तोंडावर सांगायला मात्र मला जमत नाही, सगळ्यांना उत्तम म्हणतो.

तो कर मध्ये गेला होता. आता पुन्हा आलाय. परवा धाकटा ओसरीवरचा गालिचा गुंडाळत होता. म्हणाला, "बाबा, ते कडं द्या, कणगीत टाकतो. यादीवाले उद्या येतील."

मी म्हटलं, "दोरा आण."

हात पुन्हा वाळलाय, लग्नाच्या वेळी होता तसा. सूनबाईने आतून दोरा गुंडाळून दिला. दुसऱ्या दिवशी मी जरीचं धोतर नेसून, बंडीची बाही वर सारून ओट्यावर जाऊन बसलो. खोच टोचत होती. धाकटा दाराआडून डोळे वटारत होता. यादीवाला कारकून आला, नवा होता. कड्याकडे टक लावून बघत राहिला.

"आजोबा, हे तुमचं?"

"माझं नाही," मी म्हटलं. "पण लिहा माझ्या नावावर."